खोटारडं झाड

तमाम जनतेस, आणि विशेषतः आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील समस्त झाडाझुडपांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की हिरड्याच्या एकाच फांदीवर मोहर, कोवळी फळं आणि पिकून सुकलेला हिरडा अशा तिन्ही गोष्टी एकाच दिवशी प्रकट झाल्या. या अघटिताचा कर्ता प्रस्तुत लेखक असून त्याने गुन्हा कबूल केला आहे. सदर फांदी कापडावर होती.

मी लोणीचा चित्रकलेचा मास्तर. शाळा सुटली की झाडं काढायची, पानांच्या शिरा मोजायच्या, पाकळ्या भिंगाखाली धरायच्या, हा माझा जुना नाद. अलीकडे वाटायला लागलं की आपल्या डोंगरातली झाडं कागदावर का अडकून पडावीत? ती कापडावर यावीत, आणि तीही त्यांच्याच रंगात. मग लाकडी ठसे कोरले. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवलं की फिकट पिवळं होतं. गुळाच्या पाण्यात गंजकं लोखंड मुरवायचं, त्यात ठसा बुडवून त्या पिवळ्यावर दाबायचा, की रेघ काळीभोर उमटते. दुकानातला रंग थेंबभरही लागत नाही.

ही विद्या मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. ती तळेघरला मामीच्या अंगणात वाळत पडलेली असायची. मे महिन्याच्या सुट्टीत अर्धी वाट एसटीनं आणि अर्धी पायी तुडवून मी तिथं पोचायचो, तेव्हा अंगणभर कोवळ्या फळांचा बाळहिरडा पसरलेला असायचा. त्याच्या तुरट वासानंच घसा कोरडा पडायचा. मामी कोयत्यानं एखादा हिरडा चिरून द्यायची. लोखंड लागलेली जागा काळी पडायची आणि माझी बोटं शाळा उघडेपर्यंत काळी राहायची. हिरडा चावून वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागायचं. मामी हंड्यात गुपचूप साखर घालते, असं मी सातवीपर्यंत मानत होतो. तिनंच एकदा वाटीत हिरड्याचं पाणी आणि गंजका खिळा टाकून मला शाई करून दिली.

"काड आता. भित्ताड सोडून कुटं बी काड."

मी अर्थातच भिंतीवर काढलं.

पन्नास वर्षं हिरड्याच्या झाडांवर चढलेली ही बाई गेल्या वैशाखात झाडावरून पडली. पाय जुळला, पण काठी हातात राहिली. मग तिनं अंगणाबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. त्यातच नातीचं लग्न ठरलं, नवऱ्यामुलाच्या दारी, घाटघरला. मामीनं निकाल दिला, "काठी टेकत मांडवात शिरू व्हय? समदी म्हनतील, ती बगा हिरड्यावरनं पडल्याली. मी न्हाई येनार. हितनंच अक्षता टाकीन."

नातीचा मला फोन आला. "काका, आजी न्हाई आली तर मी बोहल्यावर चढनार न्हाई. तुमीच काय तरी करा."

मी केलं. मामीसाठी हिरड्याच्या काठाचं लुगडं करायचं ठरवलं. असलं लुगडं नेसलेली बाई घरात बसूच शकत नाही, असा माझा हिशेब. फाल्गुनात नमुन्याचा वारभर तुकडा घेऊन तळेघरला गेलो. मामीनं चष्मा लावला, तुकडा मांडीवर पसरला, काठावरून बोट फिरवलं. कौतुक होणार म्हणून मी विनयशील चेहराही तयार करून ठेवला होता.

"ह्याला येड लागलंय का रं?"

"कुणाला, मामी?"

"ह्या झाडाला! मोहर बी आलाय, बाळहिरडा बी धरलाय, आन थोरला हिरडा बी लोंबतोय. एका फांदीला? एका दिशी?"

मी मास्तरकीवर आलो. "शास्त्रीय चित्रात तसंच काढतात, मामी. वर्षभराचं झाड एका कागदावर. कधीच न पाहिलेल्या माणसालाही ते ओळखता यावं म्हणून."

"वळख करून घ्यायची तर झाडाखाली यावं की मानसानं! आन ह्यो मोहर कुटं बगितलास? झुरळाच्या मिशा दिसत्यात."

इथं मास्तरकी संपली. मोहर मी एका वाळक्या, चुरगळलेल्या डहाळीवरून काढला होता.

"असलं खोटारडं झाड माज्या अंगाला नगं," ती म्हणाली आणि काठीला हात घातला. "चल. दावते."

आणि मामी अंगण ओलांडून निघाली. सून हातात सूप धरून दारातच थिजली. मी श्वाससुद्धा हळू घेत मागून चालत राहिलो. बोललो असतो तर ती भानावर येऊन माघारी फिरली असती. रिकाम्या भातखाचरांच्या बांधावरून, थांबत थांबत, ती पडली होती त्याच झाडापाशी आम्ही पोचलो. झाड मोहरानं पांढुरकं झालं होतं. मामी बराच वेळ वर बघत उभी राहिली. मग खोडावर हात ठेवला, माझ्या पाठीवर ठेवायची तसाच.

"वरची डहाळी आन," ती म्हणाली. "खालच्या मोहरात जीव न्हाई."

माझं वय चोपन्न, पोट त्याहून थोर. तरी चढलो. दुसऱ्या बेचक्यापर्यंत बालपणानं साथ दिली, तिथं ते मला सोडून गेलं. वर जाता येईना, खाली येता येईना. एक चप्पल निसटून मामीच्या पायाशी पडली. डहाळीला हात लांबवला तशी बुडाखालची फांदी करकरली.

खाली मामीनं काठी दाणकन जमिनीवर आपटली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं उतर, मुडद्या! तू बी पडलास तर मला घाटघरला लग्नाला न्यायचं कुनी?"