दादाची मान आणि माझं तोंड

जुने ट्रक घेऊन विकायचा धंदा दादाने आणि मी डिचोलीत शून्यातून उभा केला. सौद्याला बसलं की बोलायचं मीच, हा आमचा नियम. दादा भाबडा. विकणाऱ्यासमोरच म्हणायचा, "टायर मात्र बरे आसत हां!" की किंमत चढलीच. म्हणून तो तोंड उघडायच्या आत मी त्याचा गुडघा दाबायचो.

तीच सवय मी डॉक्टरच्या खोलीत घेऊन गेलो.

दादाच्या एका डोळ्यापुढे पाच मिनिटं अंधार आला होता. तपासणीत डोळ्याकडे रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "मानेत चरबी साचलीय, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही असू शकते. रोग एकच. तेही तपासून घेऊ. चढताना छातीत काही होतं का?"

मला गॅरेजवाले आठवले. ब्रेक दाखवायला न्यावा तर इंजिन खोलून बसतात. मी आवाज चढवला, "आम्ही मान दाखवायला आलो. मानेचंच बोला." दादा काहीतरी सांगणार होता. मी गुडघा दाबला. परतताना मी खूश होतो.

दोन महिन्यांनी, लाटंबार्शाला काजूच्या बागेतली चढण चढताना दादा छाती धरून खाली बसला. हार्ट अटॅक. जीव वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. इस्पितळात मी त्याच डॉक्टरवर तुटून पडलो. त्याने जुना केसपेपर पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, हृदयतपासणीस भावाचा नकार.

दादा खाटेवरून हळूच म्हणाला, "माका त्या दिसा सांगूचा होता रे. चढणीर छातीत आवळायचा."

"मगे बोलूचा नाय? हात झटकूचो माझो!"

"टायरांच्या वेळी बोललंय, तेव्हा आठ दिस शिव्या घातलंस."

तो का गप्प बसला, हा राग माझ्या मनातून अजून जात नाही. आणि त्याला गप्प बसायला कोणी शिकवलं, हेही मला ठाऊक आहे.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. तिने मलाच विचारलं, "भावजी, डॉक्टरान आधी कायच सांगूक नाय?"

दादाने डोळे मिटून घेतले. मला वाचवायला तो तेव्हाही गप्पच राहणार होता.

"सांगल्यान होता," मी म्हटलं. "मियाच ऐकूक नाय."

वहिनीने दादाला पेज भरवली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.