कांतावहिनीचा पांढरा बॅनर

आमच्या कांतावहिनीला बॅनर लागल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं वाटतच नाही. चाळीतल्या कुणाच्या नातवाला दहावीत पंचावन्न टक्के मिळाले, लाव बॅनर. महिला मंडळाचं हळदीकुंकू आलं, लाव बॅनर. एकदा चाळीचा बंद पडलेला पाण्याचा पंप सुरू झाला, तर भोईवाडा नाक्यावर आभाराचा बॅनर झळकला आणि त्यावर हात जोडलेली वहिनी. मी म्हटलं, "वहिनी, पंप तू दुरुस्त केलास काय?" तर म्हणाली, "नाय केलाय. पण ऑफिसात फेऱ्या कोणी मारल्या? तू?" मला मुळात नाक्यावरचे हे चेहरे सहन होत नाहीत, पण वहिनीपुढे मी लहानपणापासून गप्पच बसत आलोय.

ती माझी थोरली वहिनी. गुणाजीदादाशी लग्न होऊन कुडाळजवळच्या गावातून ती इथे आली तेव्हा मी शाळेत होतो. घरात आई नव्हती. ही आली म्हणून मी माणसात आलो, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. दादा गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, आणि वहिनी लालबागला एका शर्टाच्या कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागली. तिथे तिच्या शेजारी बसायच्या त्या संघमित्रा तांबे, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. एक बोलायची थांबायची नाही आणि दुसरी विचारल्याशिवाय बोलायची नाही. त्यांचं कसं जमलं कोण जाणे, पण जमलं. संघमित्राताई बटणं लावता लावता रात्रशाळेत शिकल्या, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि लग्न होऊन आमच्या समोरच्याच चाळीत राहायला आल्या. नवरा लवकर गेला. मुलगी मनाली शिकून बंगळुरूला नोकरीला लागली. वहिनी त्यांना 'मित्रा' म्हणते. त्यांच्या घरी वहिनीला कुणी चहा विचारत नाही, ती सरळ ओट्याकडे जाते आणि आधण ठेवते.

चार वर्षांपूर्वी संघमित्राताईंना स्तनाचा कर्करोग झाला. हे वाक्य मी आता सरळ लिहितोय, पण तेव्हा ते मनाली आणि वहिनी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनी वहिनीला शपथ घातली होती. वहिनीने सगळ्यांना सांगितलं, मित्राला थायरॉईड आहे. ताईंचे केस गेले, थायरॉईड. वजन उतरलं, थायरॉईड. मी म्हटलं, थायरॉईडने वजन वाढतं ना? तर म्हणाली, "तुला काय कळतं? हा उतरवणारा आहे." जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून आम्ही आयुष्यभर कपाळाला हात लावला, त्या बाईने एवढी मोठी गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली. ऑपरेशनला तीच बरोबर होती, औषधं चढवायला न्यायचं तेव्हाही तीच.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. बाजारात, बसस्टॉपवर, कुठेही दोघी बरोबर असल्या की वहिनी ताईंच्या डाव्या बाजूनेच चालायची. चुकून उजवीकडे आली तर मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे जायची. मला वाटायचं, हिला एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं असणार. तपासून घे म्हणून मी दोनदा सांगितलंही. तिने मलाच माझे कान तपासायला सांगितले.

यंदा फेब्रुवारीत एका संस्थेने स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी जमवायला चालण्याचा कार्यक्रम ठेवला. चालणाऱ्याने ओळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या आणि रविवारी सकाळी शिवाजी पार्कहून निघून वरळीपर्यंत चालून परत यायचं. ताईंनी नाव दिलं. वहिनीला म्हणाल्या, "चालण्याचं सांग सगळ्यांना. माझं सांगू नकोस."

"का गो? बरी झालीस ना आता?"

"बरी झाले म्हणूनच. ज्या दिवशी कळेल ना कांता, त्या दिवसापासून लोक आधी माझ्या छातीकडे बघतील आणि मग डोळ्यांकडे. मला ते नको."

वहिनीने मान डोलावली आणि कामाला लागली. स्वतःला चालता येण्यासारखे गुडघे राहिले नव्हते, म्हणून तिने बाकीचं सगळं अंगावर घेतलं. दोन्ही चाळींतल्या बायकांना गोळा केलं, ताईंच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, माझ्या ऑफिसातल्या लोकांनासुद्धा सोडलं नाही. तांबेबाई बायकांच्या आजारावरच्या संशोधनासाठी चालणार आहेत, बाई हाडाच्या शिक्षिका, त्यांना असली कामं आवडतात, एवढंच सगळ्यांना कळलं. गुपित जिथल्या तिथे राहिलं. आणि मग अर्थातच वहिनीला बॅनर आठवला.

नाक्यावर दीपकचं बॅनर छापायचं दुकान आहे. त्याच्याकडे कॉम्प्युटरमध्ये ठरलेले नमुने असतात. वाढदिवसाला वाघ आणि सोनेरी अक्षरं, निवडीला फटाके, हळदीकुंकवाला मोर. वहिनीने फोनवर सांगितलं, "हे बघ दीपक, मित्राला भडक काय आवडत नाय. साधा कर, शांत. सोनेरी बिनेरी नको. मजकूर त्या संस्थेच्या कागदावरून घे." त्याने होकार दिला, ताईंचा फोटो मागवला आणि शनिवारी पहाटे बॅनर बांधूनही टाकला.

शनिवारी सकाळी मी पाव आणायला खाली उतरलो आणि नाक्यावर जागीच थबकलो. पांढराशुभ्र बॅनर. दोन्ही बाजूंना पांढरी फुलं, वर पिंपळाचं पान, मधोमध लंबगोल चौकटीत संघमित्राताईंचा काळापांढरा फोटो. त्याखाली मोठ्या अक्षरांत नाव आणि जरा खाली 'कर्करोग'. त्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण ते मी वाचलं नाही. नाक्यावर पांढरा बॅनर दिसल्यावर वाचत बसतं कोण? मी चपला काढल्या, हात जोडले आणि धापा टाकत वर आलो.

वहिनी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. मला रागच आला. "अगं, ताई गेल्या आणि तू भाकऱ्या थापतेस?"

"खंय गेली?" वहिनीने वळूनही पाहिलं नाही. "आत्ता तर माझ्याकडून मीठ घेऊन गेली."

मग मी काय पाहिलं ते सांगितलं. वहिनीने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि पिठाच्या हातांनी जिना उतरली. बॅनरखाली उभी राहून तिने वर पाहिलं आणि दीपकच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

"मेल्या, ह्यां काय केलंस?"

"काकी, तुम्हीच बोललात ना, साधा पाहिजे, भडक नको," दीपक रडवेला झाला होता. "साधावाला माझ्याकडे तेवढाच आहे. मजकूर बघा ना, बरोबर टाकलाय सगळा."

मजकूर खरंच बरोबर होता. स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी संघमित्रा तांबे चालणार, त्यांना आमच्या शुभेच्छा, असं स्वच्छ छापलं होतं. पण तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून पाठवला होता आणि तो भोईवाड्यातून वरळीला पोचला होता. तिथून लोक निघालेसुद्धा. आम्ही ताईंच्या चाळीत शिरलो तेव्हा त्यांचे चुलते भिवाकाका आणि बीडीडीतली सात-आठ माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जिना चढत होती. त्यांनी दार ढकललं. ताई आत केर काढत होत्या.

एक बाई किंचाळली. भिवाकाका खाली बसले. पाणी आणा, वारा घाला, असा सगळा गोंधळ झाला. मग एकाने मोबाईलवर तो बॅनर ताईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं. ती सगळी त्यांच्याकडे बघत होती, आणि कुठे बघत होती ते मलाही दिसलं. ताईंनी पदर डाव्या बाजूला ओढून घेतला.

"कांता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू घरी जा."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनी घरी आली, करपलेली भाकरी काढून टाकली आणि खिडकीशी बसली. तिथेच तिने मला सगळं सांगितलं. ऑपरेशन, औषधं, शपथ, आणि डाव्या बाजूने का चालते तेही. जखम ओली होती तेव्हा गर्दीत कुणाचा धक्का लागला तर मित्रा कळवळायची, म्हणून ती मध्ये उभी राहायची. पुढे जखम भरली, पण ताईंना तिकडे कुणी येऊ नये असंच वाटत राहिलं. "चार वर्षांत मी एक शब्द बोलले नाय रे जगू," वहिनी म्हणाली. "आणि बघ, कसं झालं." मी तिच्या कानांबद्दल जे बोललो होतो ते आठवून मला फार वाईट वाटलं.

दुपारी तिने मला पिटाळलं. "बघून ये. ती उद्या चालणार की नाय, एवढंच बघ. मी गेले तर दार लावून घेईल."

मी गेलो तर खोली भरलेली होती. वरळीची माणसं परत गेली नव्हती. जिवंत माणसाच्या घरून उठायचं कधी हे कुणाला कळत नसावं. चहाची दुसरी फेरी चालली होती. एवढ्यात आमच्या चाळीतली गंगुबाई काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची, जिना उतरायला घाबरणारी म्हातारी. तिने ताईंच्या तोंडावरून हात फिरवला.

"तू जिती आसस गो बाय," ती म्हणाली, आणि ताईंच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच बसली. "माझ्या शैलाक हाच होता. गाठ लपवल्यान तिने. आवशीपासून लपवल्यान. माका कळला तेव्हा सगळा संपलेला." शैला, तिची मुलगी, काविळीने गेली असं आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो होतो. गंगुबाईने ताईंचा हात धरला. "खरा सांग. तुका पण तोच?"

सगळे परत ताईंकडे बघू लागले. आधी पदराकडे, मग तोंडाकडे, अगदी ताई म्हणाल्या होत्या तसंच. ताई थांबल्या. सगळ्यांच्या नजरा वर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. वर्गात पोरं गप्प होईस्तोवर त्या अशाच उभ्या राहत असतील.

"हो, गंगूआजी," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी. डावा स्तन काढला. उद्या चालणार आहे ते त्याच्यासाठीच."

मग पांढऱ्या साडीतल्या एका बाईने विचारलं, "गाठ दुखायची का गं?"

"माझी नाही दुखायची. म्हणून तर महिनाभर बसून राहिले."

निघताना त्या बाईने ताईंना बाजूला घेऊन डॉक्टरांचं नाव विचारलं, आणि ताई तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या.

संध्याकाळी दीपक शिडी घेऊन नाक्यावर आला. ताई गॅलरीत होत्या. त्यांनी वरूनच हाक मारली, "राहू दे रे. उद्या मी त्याच्याखालून गेले की काढ."

मी घरी येऊन सांगितलं, ताई चालणार. वहिनीने हात जोडले. मग म्हणाली, "माझं नाव काढलं?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

रविवारी उजाडायच्या आधी वहिनी नाक्यावर जाऊन उभी राहिली, बॅनरसमोर नाही, पलीकडच्या फुटपाथवर. हातात कोकम सरबताची बाटली. "मी लांबूनच बघीन," ती मला म्हणाली. "तू नेऊन दे तिला."

ताई आल्या. संस्थेचा गुलाबी शर्ट, खाली सलवार, आणि ओढणी नाही. चार वर्षांत मी त्यांना डावी बाजू झाकल्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मागून दोन्ही चाळींतल्या काही बायका आल्या, वरळीहून कालची ती बाईही आली होती. बॅनरखाली ताई थांबल्या, वर पाहिलं आणि रस्त्यापलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "कांता, फोटो कुठला दिलास गं? आधार कार्डावरचा?"

वहिनीला हसूही आलं आणि हुंदकाही. ती रस्ता ओलांडून आली. "मित्रा, मी काय मुद्दाम..."

"बोलू नकोस, दम लागेल. पार्कापर्यंत चालायचंय तुला."

"गुडघे बघ ना माझे!"

"मग हळू चालू. मला तरी कुठे घाई आहे?"

वहिनीने बाटली माझ्या हातात कोंबली, डोळे पुसले आणि सवयीने मागून वळसा घेऊन ताईंच्या डावीकडे निघाली. ताईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला उजवीकडे ओढलं.

"आजपासून इकडून चाल," त्या म्हणाल्या. "तिकडे लागला कुणाचा धक्का तर लागू दे."

वहिनीने ताईंचा हात घट्ट धरला आणि दोघी परळच्या पुलाकडे निघाल्या, एक लंगडत आणि एक तिच्यासाठी पावलं आवरून. ताईंच्या डावीकडे कुणी नव्हतं. बाटली माझ्याकडेच राहिली होती, म्हणून मीही त्यांच्या मागून चालू लागलो.