राखेतलं पाऊल आणि ट्रॅक्टरची हवा

आमच्या राजुरीच्या मळ्यात ट्रॅक्टर आला तेव्हा मला सून म्हणून येऊन दोन वर्षं झाली होती. ट्रॅक्टर तसा लहानखुरा, पण मागची चाकं माझ्या छातीला लागायची. पन्नास-साठच्या मधलंच कुठलं तरी साल असेल. नक्की विचाराल तर मला नाही सांगता यायचं. बैल पाहायला येत नसतील एवढी माणसं तो पाहायला आली.

माझे सासरे, मामंजी म्हणायचो आम्ही त्यांना, त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं, "खालचं काळं रान ओल उडून वाफसा मोडायच्या आत यानं नांगरलं, तर येत्या सोमवारी बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात."

हे ऐकलं आणि माझ्या सासूबाईंची, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, भाकरी तव्यावरच करपली. आत्याबाईंनी ती जोडी वासरं असल्यापासून वाढवलेली. तवा उतरवला आणि उठून गोठ्यात गेल्या.

ट्रॅक्टर चालवायला जुन्नरचा एक मुसलमान मिस्त्री ठेवला होता. गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचा, आणि माझ्या मालकांना, म्हणजे ह्यांना, ट्रॅक्टर शिकवायचा. माणूस शांत. पण मामंजींचं आणि त्याचं पहिल्याच दिवशी बिनसलं, ते चाकातल्या हवेवरून. मामंजी बैलाचं खूर दाबून पाहावं तसं चाक अंगठ्यानं दाबायचे. जरा दबलं की, "भर अजून!"

मिस्त्री म्हणायचा, "दादा, सडकेला कडक चालतं. रानात चाक थोडं नरम पायजे. बसकट झालं तर माती धरतं."

"नरम खुराचा बैल कुणी इकत घेतो का? मला शिकवतो! भर."

मग बिचारा पायपंप मारून मारून घामाघूम. चाक नगाऱ्यासारखं वाजायला लागलं की मामंजी खूश. आणि रानात गेलं की तेच चाक जागच्या जागी गरगर फिरायचं, ढेकळं मागे उडायची, नांगर पुढे सरकायचा नाही. दोन दिवसांत चार सऱ्या झाल्या नाहीत.

त्यात तिसऱ्या सकाळी चाक दाबलं तर दबलं. पुन्हा भरलं. चौथ्या सकाळी पुन्हा तेच. पंक्चर म्हणावं तर मिस्त्रीनं चाकाला आणि हवा भरायच्या नळीच्या तोंडाला पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही.

"कुणीतरी हवा काढतंय," मामंजी म्हणाले. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाकडे सरळ बघेना. आधी संशय बांधाला बांध असलेल्या चुलत दिरांवर. त्यांचे बैल भाड्यानं चालायचे, ट्रॅक्टर त्यांना कसा सोसेल? ते सहज डोकवायला आले तरी मामंजी त्यांच्या हातांकडे बघत. मग मिस्त्रीवर. "नरम पायजे, नरम पायजे म्हणतोय कवाचा. पंप मारायचा कंटाळा आलाय लेकाला. आज पकडतो, आन् उद्या जुन्नरला धाडतो." माझ्या मालकांनासुद्धा एकदा विचारलं, "तू तर न्हाई ना रं?"

मग त्यांना काय सुचलं सांगते. आपल्यात माणूस गेल्यावर त्याच्या जागी पीठ पसरतात आणि सकाळी कुणाचं पाऊल उमटलं ते बघतात. तसंच त्यांनी करायचं ठरवलं. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, चुलीतली राख चाळून ट्रॅक्टरभवती पसर. कुणाला बोलू नको." मी पसरली. मिस्त्रीचं पाऊल उमटलं तर गरिबाची रोजी जाणार होती.

सकाळी शेण गोळा करायला मी पहिली उठले. राखेत पाऊल होतं, लहान, टाचेला भेगा, आणि करंगळीची खूणच नाही. आत्याबाईंच्या पायावर एकदा बैलानं पाय दिला होता, तेव्हापासून त्यांची करंगळी वर उचललेलीच असायची. मी खराट्यानं सगळी राख झाडून टाकली.

मामंजी आले. राख नाही. "कुणी झाडली?"

"मी, मामंजी. सवयीनं."

असे बघत राहिले माझ्याकडे! मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "पंप ठेव खाली. आज भरायची न्हाई. पोरा, तू बस वर, असंच ने रानात, फसू दे. समद्यांनी बघावं हवा काढल्यावर काय व्हतं ते!" चुलत दिरांनाही हाक मारून बोलावलं.

मालक ट्रॅक्टरवर बसले. मी आणि आत्याबाई बांधावर. नांगर जमिनीत उतरला, आणि ट्रॅक्टर निघाला तो निघालाच. चाक घसरलं नाही. चाकाची कड जराशी फुगली होती, भाकरी फुगायला लागते तशी, आणि खाली माती गच्च धरत होती. दुपारपर्यंत अर्धं रान उलटं झालं. सगळे ट्रॅक्टरकडे बघत होते, मी आत्याबाईंकडे. पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

मिस्त्रीनं खिशातलं हवेचं माप नळीला लावून पाहिलं. "बारा पौंड. बराबर! याच्या खाली गेलं असतं तर चाक रिंगवर फिरून नळी तुटली असती. ज्यानं काढली तो जाणकार हाय."

"म्हणजे तूच," मामंजी म्हणाले.

"ते न्हाई," आत्याबाई बोलल्या. "मी काढत व्हते. पहाटं दळायला उठले की टोपण काढून केसातल्या आकड्यानं नळीचं तोंड दाबायचे. सूं करून आवाज आला की भ्यायचे, हात काढायचे. तुमचं यंत्र बंद पडावं, माझे बैल ऱ्हावेत, म्हणून."

कुणी हसेना. मामंजींची मिशी हलली, एवढंच.

"मग आता बैल इका खुशाल," त्या म्हणाल्या, "पण या बाईचं भ्यायचं माप कुठून आणाल?"

तेव्हा मात्र मिस्त्रीला हसू आवरेना, आणि चुलत दीर तर बांधावर बसूनच हसले.

सोमवारी मामंजी बेल्ह्याला गेले. बैल गोठ्यातच होते, आणि आत्याबाई दिवसभर गोठ्यातून हलल्या नाहीत, म्हाताऱ्याचा भरवसा नव्हता. दिवस मावळताना ते आले, खांद्यावर बैलांसाठी दोन नव्या वेसणी. दारात टाकल्या आणि मिस्त्रीला हाक मारली, "ते बारा कसं बघायचं, दाव जरा."

चाकाच्या नळीची टोपणं मात्र त्या दिवसापासून त्यांच्याच खिशात. आणि मरेपर्यंत म्हणायचे, "तिला एकटीला न्हाई सुचायचं. शिकवलं त्या बांधावरच्या पुतण्यानंच."