कंपाउंडरच्या हाताचा गुण

"लक्षण सांगा. रोग सांगू नका."

आमच्या दारात पाय ठेवला की कंपाउंडर हेच म्हणायचे. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि आपण काय सांगतो त्याची वाट बघत उभे राहायचे.

मी म्हणायची, "मिक्सर बिघडला."

"बिघडला हा रोग झाला, वहिनी. लक्षण सांगा."

"फिरत नाई."

"घुरघुर करते का मुकाट बसते?"

"मुकाट बसते."

"वास येते?"

"तुम्ही मिक्सर पाहून राह्यले का बाळंतीण?"

ते हसायचे नाहीत. लक्षणं लिहून घेतल्यासारखी मान हलवायचे.

त्यांची सगळी नोकरी खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर कधीमधी यायचे, बाकी दिवस गावाला हेच पाहायचे. निवृत्त झाल्यावर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्यात त्यांनी घर बांधलं, आमच्या कंपाउंडला लागूनच. बायको आधीच गेली होती. एकुलती मुलगी आष्टीला दिलेली. फाटकावर त्यांचं नाव कोरलेली पाटी होती, पण कॉलनीत ते नाव कोणी घेतलं नाही. मीही इथे घेत नाही.

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. कशातलंही थोडंथोडं येणारा, बोलावल्यावर नाही न म्हणणारा. आमच्या या माणसाला दोन खोडी होत्या. एक, काय दुरुस्त केलं ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "रोग्याले औषधाचं नाव सांगतलं की तो उद्यापासून आपल्याच मनानं घेते." दुसरी खोड म्हणजे निघताना दिसेल ते बटन बंद करायचं. संध्याकाळी दवाखाना बंद करतानाची सवय. एकदा तर उन्हाळ्यात मी खुर्चीवर बसलेली असताना माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून, "येतो वहिनी, जय भीम," म्हणत निघून गेले. मी घामाघूम होऊन बघत राहिले.

आता कॉम्प्युटरचं सांगते.

माझ्या सुनेला नागपूरच्या एका क्लासवाल्यांनी गणित शिकवायला घेतलं होतं. घरी बसून, कॉम्प्युटरवर, रोज सकाळी दहा ते अकरा. पोरं कुठल्या कुठल्या गावची, पडद्यावर चौकोनात दिसायची. लग्नानंतर तिला पहिल्यांदाच स्वतःचं काही काम मिळालं होतं. दहा वाजायच्या आधी ती वेणी घालून, चांगला ड्रेस घालून बसायची. घरात असं नटून बसलेलं माणूस पाहून मला आधी हसू यायचं. मग सवय झाली.

दिवाळीच्या झाडझुडीत आम्ही कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. त्यानंतर तिनं क्लास उघडला तर पडद्यावर लाल त्रिकोण. खाली इंग्रजीत काहीतरी. सुनेनं मला अर्थ सांगितला, की तुमचं बोलणं सुरक्षित नाही, कोणी चोर तुमची माहिती पळवत असेल. क्लासच नाही, कुठलंच पान उघडेना. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं की घरात चोर आहे आणि तो दिसत नाही.

मुलगा सुनेला म्हणाला, "तूच काहीतरी नको ते दाबलं असशील."

मी कंपाउंडरना हाक मारली.

ते आले, लक्षणं विचारली, तिला म्हणाले, "बेटा, तू चहा ठेव," आणि ती आत गेल्यावर काहीतरी केलं. ती परत येईपर्यंत त्रिकोण गेला होता. क्लास सुरू झाला. पुन्हा दुखणं उठलं तर जवळ असावं म्हणून ते बाहेरच्या खोलीत माझ्याबरोबर चहा पीत बसले. अकरा वाजता सुनेनं क्लास संपवला, पडद्यावरून कॉम्प्युटर बंद केला आणि ती भाजी चिरायला आत गेली. तेही आत डोकावून, जय भीम करून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्रिकोण.

मग हे रोजचंच झालं. सकाळी त्रिकोण, कंपाउंडर, चहा, क्लास. कॉलनीतल्या बाया म्हणायला लागल्या की तुमच्या कॉम्प्युटरला कंपाउंडरच्या हाताचा गुण आहे, दुसऱ्याच्या हातानं उठत नाही. ऐकून त्यांची मान ताठ व्हायची. पण सुनेचा क्लास रोज उशिरा सुरू व्हायचा. मोबाइलवरून तिनं एकदा शिकवून पाहिलं, तर पोरांना पडद्यावरच्या फळ्यावरचं दिसेना. पालकांच्या तक्रारी गेल्या. क्लासवाल्यांनी तिला फोनवर सांगितलं की असंच चाललं तर दुसरी मॅडम बघावी लागेल.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "सोडून दे. घरात काय कमी आहे? तुला ते मशीन नाही झेपत."

सुनेनं ताटातला भात तसाच ठेवला. मुलगा माझाच आहे, वाईट नाही. पण एखादी गोष्ट बिघडली की ती कोणीतरी बिघडवली असणार, असं त्याला वाटतं. आणि ते कोणीतरी नेहमी बाईच असते.

अशातच कंपाउंडर मुलीकडे आष्टीला गेले. जाण्याच्या दिवशीही क्लास पार पाडून देऊन गेले.

दुसऱ्या सकाळी त्रिकोण हजर. सून रडवेली झाली. मी म्हटलं, "रडतेस काऊन? फोन कर त्याहिले."

तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"लक्षण सांग, बेटा."

"काका, लक्षण तेच आहे. औषध सांगा. दहा वाजून गेले."

पलीकडे आष्टीच्या बाजाराचा गलका होता, त्यातून ते बाजूला झाले. मग म्हणाले, "खाली उजव्या कोपऱ्यात तारीख असते. वाच."

सुनेनं वाचली. "काका, हे तर किती वर्षांपूर्वीचं साल आहे. तेव्हा माझं लग्नपण झालं नव्हतं."

मी म्हटलं, "तेव्हाच सुखी होतीस."

"तारीख आजची कर," ते म्हणाले. "अवं, औषधाच्या बाटलीवर कवा बनली ते लिवलं असते का नाई? तुयं मशीन समजते, आपण जुन्या सालात आहो. समोरच्या पानावर त्याले पुढच्या सालाचा शिक्का दिसते. जी बाटली अजून बनलीच नाई, ते तू पिशील काय? ते बी पीत नाई. म्हणून त्रिकोण दाखवते."

तिनं तारीख बदलली. त्रिकोण गेला. क्लास सुरू झाला.

आणि मग गंमत पाहा. दुसऱ्या दिवशी त्रिकोण आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ते आष्टीला होते तेवढे दिवस एकदाही नाही.

परत आले ते मुलीनं दिलेल्या संत्र्यांची पिशवी घेऊन. सून उड्या मारतच सांगायला गेली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला.

"एकदाबी नाई?"

"एकदाही नाही, काका."

"मी होतो तवा रोज?"

"रोज."

मी म्हटलं, "तुम्ही आले की बिमार, गेले की चंगा. आमच्या म्हशीले अशी नजर लागत होती."

ते उठले. जायला निघाले. कॉम्प्युटरच्या खोलीशी थांबले, सवयीनं आत डोकावले, आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवरच्या बटनावर गेला. तिथेच थांबला. बोट बटनावर, दाबलेलं नाही.

"वहिनी, हे मी रोज बंद करून जातो?"

"तुम्ही माह्या डोक्यावरचा पंखा बंद करून जाता, याचं काय विचारता?"

"सकाळी बंद असायचं," सून म्हणाली. "मला वाटायचं आईच करतात. मी चालू करायची."

ते परत येऊन बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत घड्याळात असतो तसा एक लहान सेल असतो. तो तारीख धरून ठेवतो. आमचा सेल मेलेला होता. भिंतीचं बटन चालू असलं तर तारीख टिकायची. आमच्याकडे इन्व्हर्टर, लाइट गेली तरी काही बिघडायचं नाही. पण बटनच बंद केलं की मशीन सगळं विसरून जुन्या सालात जायचं. तारीख पुसली जाते हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काऊन पुसली जाते, हे ते सगळ्यांत शोधत होते. स्वतःला सोडून.

"रोग मीच देऊन राह्यलो होतो," ते म्हणाले. "आन गुण बी मीच घेऊन राह्यलो होतो."

आम्ही कोणाला सांगणार नव्हतो. म्हाताऱ्या माणसाला कशाला खाली बघायला लावा? पण संध्याकाळी मुलगा गाडी लावत होता, तेव्हा ते फाटकात उभे. मी ओसरीतून ऐकत होते.

"साहेब, सूनबाईचा काई दोष नाई. तिनं काईच दाबलं नाई. माह्या हातानं झालं."

मुलगा गडबडला. "जाऊ द्या ना काका, मशीनच जुनं आहे."

"मशीनचं नाव घेऊ नका. माह्या हातानं झालं. तिले तसं सांगा."

मुलानं तिला तसं सांगितलं. कसं सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण त्या रात्री तिनं भात पुन्हा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनी वर्ध्याहून सेल आणला, सुनेला शेजारी बसवलं, पेटी उघडून तिच्याकडूनच तो बसवून घेतला. औषधाचं नावही सांगितलं, कुठे मिळते तेही. मग काही दिवस फिरकलेच नाहीत. मी कंपाउंडवरून ओरडले, "काऊन हो, घरी कोणी बिमार नसलं की यायचं नाई काय?"

तेव्हा आले. हात पाठीमागे बांधून. सून म्हणाली, "काका, बाहेर नका बसू, इथेच बसा." तेव्हापासून क्लास चालू असताना ते तिच्या मागच्या खाटेवर पेपर घेऊन बसायचे. पेपर कसला वाचतात, बेरजा ऐकत असायचे. पडद्यावरची पोरं क्लास सुटताना आधी मॅडमला आणि मग मागच्या आजोबांना नमस्कार करायची. आजोबा पेपर खाली करून मान हलवायचे.

सुनेचा एक वर्ग होता, त्याचे दोन झाले.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी त्यांना आष्टीला घेऊन गेली. एकटे राहू नका म्हणाली. तिथे गेले आणि तिथेच संपले. आम्ही जाऊन आलो. मी रडले नाही. या वयात प्रत्येकासाठी रडायचं म्हटलं तर दुसरं काम उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "क्लास बुडवू नको." ती दहाला बसली. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मागचे आजोबा नाही आले?"

सून म्हणाली, "नाही." मग तिनं खुर्ची उचलून थोडी डावीकडे घेतली, म्हणजे पोरांना मागची खाट दिसणार नाही, आणि फळ्यावर पहिलं गणित मांडलं.