पान चारचे कय्यूमभाई

देवाने मला जीभ दिली, आणि ती आवरण्यासाठी कय्यूमभाई दिले. त्याच्या दयेचा याहून थोर पुरावा मला तरी आढळलेला नाही.

कय्यूमभाई म्हणजे चिखलीहून निघणाऱ्या ‘दैनिक पैनतीर’चे कार्यकारी संपादक. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात मुद्रिते तपासता तपासता ते वार्ताहर झाले, मग उपसंपादक झाले. पुढे म्हाताऱ्या मालकांनी मुलाकडे मुक्काम हलवला आणि सगळा पेपरच त्यांच्या गळ्यात येऊन पडला. आता तो मोबाइलवरही दिसतो. मी त्यात दर गुरुवारी ‘अमृतकण’ नावाचे सदर लिहितो. मी कीर्तनकाराच्या घरचा. एकदा चाल धरली की सोडवत नाही. कण म्हणून मांडायला बसतो आणि पोते भरून उठतो.

“महाराज,” कय्यूमभाई एकदा म्हणाले, “सकाळपासून तुमचा लेख वाचून राह्यलो. जेवलो, नमाज पढून आलो, परत बसलो. तो भक्त आजून पायऱ्याच चढून राह्यला. त्याले दर्शन कधी होते?”

“भावार्थ सखोल आहे, कय्यूमभाई.”

“असन. पण जागा दोन बोटं आहे.”

आणि कात्री चालली. दुसऱ्या दिवशी लोक मला म्हणाले, महाराज, काय नेमके लिहिलेत! मी नम्रपणे मान लववली. नम्रतेत माझा हात कोणी धरणार नाही, हेही मी कीर्तनातून अनेकदा सांगितले आहे.

स्वतःच्या लेखणीलाही ते सोडत नसत. त्यांच्या अग्रलेखांचे एक पुस्तक निघाले आहे. प्रकाशनाला मीच बोललो. पुस्तक वाचायला लागेल त्याहून जास्त वेळ बोललो. “लोकाईनं पुस्तकं नेली खरी,” कय्यूमभाई हसत सांगतात, “पण मले जो भेटते तो पान चारचंच बोलते.”

पान चार म्हणजे निधनवार्ता. तीच त्यांची खरी वाङ्मयसेवा. घरच्यांनी पाठवलेला मजकूर ते तसाच छापत नाहीत. त्या घरी स्वतः फोन लावतात, गेलेल्या माणसाविषयी एखादी साधी गोष्ट विचारतात आणि त्या उत्तराची एक ओळ वार्तेत घालतात. हिलाही वाङ्मय म्हणावे का, अशी शंका मी बरीच वर्षे बाळगून होतो. अर्थात, मीच काय तो वाङ्मयाचा राखणदार!

एके दिवशी मी माझे पोते घेऊन त्यांच्यासमोर बसलो होतो. दुसरबीडच्या सोजराबाईंच्या निधनाचा मजकूर आला होता. त्यांच्या तेरवीचे प्रवचन माझ्याकडेच ठरले होते. टाइप करता यावे म्हणून कय्यूमभाईंनी फोनचा स्पीकर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला.

“ताई, माई शेवटी शेवटी काय खात होत्या?”

“भाकर चावत नव्हती दादा तिले. पापुद्रा काढून मी दुधात भिजवून द्यायची. फाटला तं रुसून बसे. म्हणे, आज तुयं मन नव्हतं सैपाकात.”

“तुम्ही कोन?”

“लेक. सिंधू.”

कय्यूमभाईंची बोटे थांबली. समोरच्या मजकुरात ‘पश्चात दोन मुले, सुना व नातवंडे’ एवढेच होते.

“ताई, याच्यात तुमचं नाव नाई.”

ती म्हणाली, “टाका दादा. नवऱ्याचं घर सोडून आली तवापासून गाव मले जवळ धरत नाई. माईजवळ मी होती, एवढं तरी लोकाईले दिसू द्या.”

फोन हिसकावल्याचा आवाज झाला. “मी रवी बोलतो, मोठा मुलगा. मजकूर पाठवला तसाच छापा. आमच्यात लेकीचं नाव टाकायची रीत नाई. लोक विचारतीन, हे लेक माहेरी काऊन? महाराज तुमच्याकडंच येतात ना? त्याईलेच विचारा!”

झाले! मला विचारले गेले. मी बैठक सावरली. रीतीचा महिमा गायिला, लेकीच्या मायेचा महिमा गायिला, कुळ गायिले, करुणा गायिली. गात गात दोन्ही तीरांना लागलो आणि कुठेच उतरलो नाही.

“महाराज,” कय्यूमभाई म्हणाले, “टाकू का नको? एवढंच सांगा.”

आणि काय सांगू! एका शब्दावर दोन तास बोलणाऱ्या मला तो एक शब्द काही बोलता येईना. मी पाणी मागितले.

कय्यूमभाईंनी पाणी पुढे सरकवले आणि फोनकडे वळले. “रवीभाऊ, तुमची रीत समजली. आता आमची आयका. बातमीत गोष्ट छापली की ते कोनं सांगतली, त्याचं नाव टाका लागते. तुम्ही सांगा, तुमचं टाकतो. पापुद्रा कायच्या भाकरीचा?”

“ज्वारीच्या… असन.”

“दूध गरम का थंडं?”

रवीच्या मागे कोणीतरी भांडी आवरत होते.

“सिंधूले माहीत,” तो अखेर म्हणाला.

“मंग तिचंच नाव येईन.”

“येऊ द्या.” तो पुढे म्हणाला, “अन् मंग पश्चातमध्येही टाका. एकीकडं आहे अन् एकीकडं नाई, बरं नाई दिसत.” आणि फोन परत सिंधूकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पान चारवर छापून आले : ‘अखेरच्या काळात त्यांना ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा कोमट दुधात भिजवून लागत असे, असे त्यांची सेवा करणाऱ्या कन्या सिंधूताई यांनी सांगितले.’ माझ्या साऱ्या अमृतकणांत असे एक वाक्य सापडल्यास मला कळवावे. मी शोधून दमलो.

तेरवीला मी थोडक्यात बोललो. मंडळींना वाटले, महाराजांना ताप असावा.

पंगत उठल्यावर मी मांडवाच्या कडेला हात धूत होतो. जेवणभर सिंधूताईपासून अंतर राखून बसलेल्या बायांपैकी एक वयस्क बाई उठली, पेपरची घडी हातात धरून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काय वं, सोजरीच्या पापुद्र्याचं सांगणारी तूच का?”

“हाव मावशी. मीच.”

“मंग सरक जराशी,” म्हातारी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. “सांग मले. दुधात मीठ घालत होती का साखर?”