हेल्याला आवाज देणारा भास्कर

माझा भाचा भास्कर गेल्याची खबर मला अमडापूरच्या बाजारात समजली. मी वाळल्या मिरच्या मोजून घेत होतो. फोन जानेफळहून, त्याच्या शेजाऱ्याचा. छातीत कळ आली, मेहकरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मिरच्या तिथंच राहिल्या. आता काही आठवडे गेल्यावर लिहायला बसलो, ते रडायला नाही. रडणं झालं. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी पाहून घ्यावं, पण राग माझा आहे, तो कोणी दुरुस्त करू नये.

टीव्हीवर रात्री उशिरा कार्टूनचा एक विनोदी कार्यक्रम लागतो. मोठ्या माणसांचं कार्टून. चहाच्या टपरीपुढं बसून पुढाऱ्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची टर उडवणारी जनावरं. त्यात एक हेला आहे, म्हणजे रेडा, आणि त्याच्या तोंडून आमचा भास्कर बोलायचा. शेळी, कुत्रा, कोंबडा सगळे पुण्याचं गुळगुळीत बोलणार आणि वऱ्हाडी बोलणार कोण, तर बावळट हेला! पहिल्या दिवशी जानेफळात लोकांनी लेकरांना मुद्दाम जागं ठेवलं होतं. कार्टून म्हणजे लेकरांचंच, असा सगळ्यांचा समज. हेल्यानं नवरा-बायकोच्या भांडणावर असा एक चावट शब्द टाकला, की आयांनी धपाटे घालत पोरांना झोपायला नेलं आणि म्हातारे मात्र पुढं सरकून बसले.

मी सकाळीच फोन लावला. "काऊन बे, आपली बोली काय हेल्यालेच शोभते?"

"मामा, पुरं पाह्यलं काय तुम्ही? त्या टपरीवर खरं बोलणारा तो एकटाच आहे."

"खरं बोलते त हेला कशाले? माणूस कर ना त्याले."

"माणूस केला त लोकं मारतीन, मामा!" म्हणाला आणि त्या हेल्यासारखाच खो-खो हसला. माझं समाधान झालं नाही. आजही नाही. पण हसलो, हे खरं.

आवाज भरायला तो मुंबईला गेला नाही. बाप लवकर गेलेला, घरी आई एकटी. ती शांता, माझी धाकटी बहीण. त्यांच्या घरात भाव येईपर्यंत एक खोली कापसानं भरलेली असते. कापूस आवाज पिऊन घेतो, खोली घुमत नाही, हे त्यानंच शोधलं. कमरेइतक्या कापसात बसायचा, मोबाइल तोंडापुढं धरायचा आणि दार लावून घ्यायचा. बाहेर आला की केसांत, भुवयांत कापूस. कापूस विकला की भिंतींना गोधड्या टांगायचा. आणि आत काय बोलायचा? तर शांताचंच बोलणं. तो उशिरा आला की ती दारातूनच म्हणायची, "जेवला काय बे, का नुस्ती हवा खाऊन राह्यला?" तेच हेला कुत्र्याला म्हणायचा. तिचे टोमणे, तिच्या शिव्या, सगळं त्या जनावराच्या तोंडी. शांता टीव्हीपुढं बसून चिडायची, "पाहा दादा, माह्या घरातलं साऱ्या मुलखाले सांगते हा!" चिडायची, पण एक दिवस चुकवायची नाही.

आणि भाऊकी? रस्त्यानं जाताना "ओ हेला, पानी पेला काय?" म्हणून हाका मारायची. दुसरबीडची एक सोयरीक जमत आली होती, पण मुलीच्या बापाला कोणीतरी त्याचं काम सांगितलं. "हेल्याचा आवाज काढणाऱ्याले पोरगी देऊ काय?" म्हणून तो उठून गेला. भास्कर त्यावरही हसला. मला हसता आलं नाही.

माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी चॅनलची एक पोरगी फोनवर बोलली. वाईट वाटलं म्हणाली. बोलता बोलता तिनं सांगितलं, की भास्करच्या आवाजातले थोडे भाग शिल्लक आहेत, ते याच आठवड्यात लागतील, मग नवा माणूस घेणार. मी म्हणालो, "मग त्या भागांच्या आधी त्याचं नाव घ्या. भास्कर गेला, एवढं त सांगा." तिनं फोन साहेबाकडं दिला. साहेब म्हणाले, "काका, नावं शेवटी येतातच. आणि त्या वेळेला बघतं कोण?"

नावं शेवटी येतात, पण चिमटीएवढी होऊन कोपऱ्यात पळतात आणि उरलेल्या पडद्यावर साबण. आणि बघतं कोण? अहो साहेब, त्याची माय बघते!

पण मायच्या घरात टीव्हीचं तोंड भिंतीकडं केलेलं. वर चादर. सुतकात आमच्याकडं टीव्ही लागत नाही. शांतानं मातीपासून अन्नाला हात लावला नव्हता. मी चादर काढायला गेलो तर भास्करचे चुलते दामूअण्णा आडवे आले.

"पाहुणे, इथं मयत झाली अन् तुम्ही हेल्याचे जोक ऐकता?"

"अण्णा, जो मेला तोच बोलून राह्यला त्याच्यात."

"लोकं काय म्हणतीन?"

"लोकायनं जे म्हणाचं ते त्याले जिवंतपणी म्हणून घेतलं! सुतक संपेपर्यंत थांबलो त तिथं दुसराच कोणी बोलन. मग हिले ऐकवाल काय तुम्ही?"

अण्णा चप्पल घालून निघून गेले. अजून बोलत नाहीत. न बोलोत. मी टीव्ही फिरवला.

शांता भिंतीला टेकून, पदर तोंडावर. टपरी आली, शेळी आली, कुत्रा आला. मग हेला. "जेवला काय बे, का नुस्ती हवा खाऊन राह्यला?" पदराआडून आवाज आला, "नाही जेवली रे बाप्पा..." आणि थोड्या वेळानं, "दादा, भाकर आहे काय?" तुकडा मोडून तिनं तोंडात घातला. खाता खाता तिला हसू आलं. सुतकाच्या घरात, हो. ज्याला शिवाशिव पाळायची त्यानं पाळावी.

आता नवा माणूस आला आहे. प्रत्येक वाक्याला 'बे' लावलं की त्याला वऱ्हाडी झाल्यासारखं वाटतं. कापूसही गेला, ती खोली आता खोकलं तरी घुमते. शांतानं पुढच्या हंगामासाठी ती झाडून ठेवली आहे. परवा तिच्याकडं मुक्कामी होतो. ती ठरल्या वेळेला टीव्हीपुढं बसली. नवा हेला तोंड उघडणार, तोच तिनं रिमोटनं आवाज बंद केला. चित्रातलं तोंड हलू लागलं आणि शांता स्वतः बोलली, "काऊन बे, इतका वेळ कुठी होता?"

हेल्याचं तोंड बरोबर तेवढंच हललं.