उभ्या गाडीची कमाई

स्वतःचा ट्रक स्वतःच चालवणाऱ्या माणसाला एक मोठा भ्रम असतो, की आपल्याला साहेब नाही. मलाही तो बरीच वर्षं होता. मग माझ्या मणक्यातली चकती सरकली आणि कळलं, साहेब नाही म्हणजे आजारपणाची रजाही नाही.

पाच महिने मी वाघोलीच्या घरात उताणा पडून होतो. गाडी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी. दहा चाकांची गाडी, पण त्या काळात तिचा उपयोग फक्त एका कुत्रीला झाला. तिने मागच्या चाकांमध्ये चार पिल्लं घातली. बायकोने कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली होती. मी आतून, पडल्या पडल्या, 'आज फोडणी जास्त झाली वाटतं' असे मोलाचे सल्ले द्यायचो.

पुढच्या जुलैत रिटर्न भरायला खडकीच्या कर सल्लागाराकडे गेलो. दरवर्षी तोच भरतो. बरोबर पिशवीभर डिझेलच्या पावत्या नेल्या. त्या मी गाडीत काचेजवळ ठेवतो, डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून. त्याने एक काढली, उलटसुलट करून पाहिली. उन्हाने शाई उडून सगळ्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

"कोरे कागद कशाला आणलेत?" तो म्हणाला. "माझ्याकडे आहेत."

मग त्याने दरवर्षीसारखं पुन्हा समजावलं. माझ्यासारख्या छोट्या मालकाला हिशेब ठेवायची सक्ती नाही. गाडीच्या वजनावरून दरमहा ठरावीक उत्पन्न धरायचं, बाराने गुणायचं आणि मोकळं व्हायचं.

"पाच महिने गाडी उभी होती," मी म्हणालो. "सातने गुणा."

"गाडी तुमच्या नावावर होती ना? मग बाराने."

"अहो, पण ती कमावतच नव्हती!"

"कायद्याचा तुमच्या गाडीवर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे. कमी दाखवायचं तर वह्या लागतील, ऑडिट लागेल." त्याने पिशवीकडे पाहिलं. "आणि कर तसाही शून्यच येतोय. करा सही."

शहाणा माणूस सही करून, चहा पिऊन घरी आला असता. मला मात्र सत्याचा झटका आला. कात्रजला वाहतुकीत अडकलेलो असताना माल मागवणाऱ्याला फोनवर 'हा काय, आलोच' सांगणारा मी, त्या दिवशी म्हणालो, "जे कमावलं नाही, ते कमावलं म्हणून लिहून देणार नाही." आणि उठलो. जिना उतरताना छाती एवढी फुगली होती, की पाठही दुखली नाही.

ऑक्टोबरात लेकीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. माझ्या पाठीमुळेच तिला ही वाट सुचली, असं मी गावभर सांगत फिरलो. बँकेने शैक्षणिक कर्जासाठी माझी तीन वर्षांची रिटर्नं मागितली. माझ्याकडे दोन होती. तिसऱ्याच्या जागी माझं सत्य होतं. फी भरायला दहा दिवस उरले होते. लेक फाइलमधले कागद काढून पुन्हा पुन्हा लावत बसली. ते बघून मला स्वतःची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खडकी. 'मी सांगत होतो' असं सल्लागार म्हणाला नाही, नुसतं चेहऱ्यावर ठेवलं. उशिराचा हजार रुपये दंड भरायला लावला आणि बाराने गुणलं.

बँकेत आम्ही तिघं गेलो. तिथल्या साहेबांनी कागद चाळले. "उत्पन्न अगदी नियमित आहे तुमचं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नियमित म्हणत होतं, आणि तेही मी उताणा पडलो होतो त्या वर्षासकट. मी नम्रपणे मान हलवली.

"मिसेस काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," मी म्हणालो.

इतकं सहज. बायको शेजारच्याच खुर्चीत होती, मनगटावर तव्याचा ताजा चटका. पाच महिने किराणा, माझा दवाखाना, गाडीचा हप्ता, सगळं तिने ओढलं होतं. साहेबांनी 'गृहिणी' लिहिलं आणि पान उलटलं.

कर्ज मंजूर झालं. बाहेर रिक्षाची वाट बघताना ती एवढंच म्हणाली, "गाडीबद्दल किती खरं बोलत होता तुम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या वर्षी जूनमध्येच आम्ही दोघं खडकीला गेलो. "हिचंही रिटर्न भरायचंय," मी सांगितलं. "डब्यांचा धंदा आहे."

"कर बसणार नाही," सल्लागार म्हणाला.

"माहितीये. पण कागदावर नाव लागू दे."

"हिशेब?" असं विचारून त्याने सवयीने माझ्या हाताकडे पाहिलं. बायकोने तिच्या पिशवीतून तीन वह्या काढल्या. पहिल्या दिवसापासून सगळं होतं. किती डबे, किती गॅस, कुणाचे पैसे यायचेत. पानं उलटता उलटता तो एका ठिकाणी थांबला. खर्चाच्या बाजूला, कणीक आणि तेलाच्या मध्ये, महिन्यामागून महिना एकच नोंद होती: 'यांची पाठ'.

"वहिनी, हा खर्च धंद्यात धरता येणार नाही," तो म्हणाला.

"नका धरू," ती म्हणाली. "तो काही वसूल व्हायचा नाही."